तापूद्याकाका

तापूद्याकाकांनी आयुष्यात एकही वस्तू थंड असताना विकत घेतली नाही. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर ओळखीतल्या कुणाची जुनी स्कूटर असो, ते आधी ती चालू करायला लावत, शेजारी स्टूल ओढून बसत आणि म्हणत, "थोडा गरम होने दो जी." मग आमच्याकडे वळून मराठीत, "तापू द्या. तापल्याशिवाय खरं रूप कळत नाही." मधूनच हाताची पालथी बाजू त्या वस्तूला लावून बघत, तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. सरोजिनी नगरच्या बाजारात माणसं पाच मिनिटांत पाच कुडते घेऊन जातात. तिथे या गृहस्थांनी एका टेबलफॅनसमोर पाऊण तास काढलेला मी स्वतः पाहिला आहे. तेवढ्यात काकू भाजी, कोथिंबीर आणि उशांचे अभ्रे घेऊन परतसुद्धा आल्या होत्या.

सरकारी क्वार्टरच्या दारावर त्यांचं खरं नाव होतं, पण ते पोस्टमनपुरतं. एका मंत्रालयात टायपिस्ट म्हणून लागलेले काका चढत चढत सेक्शन ऑफिसर झाले होते. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलेल्या आम्हा मराठी मुलामुलींची पंगत दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे बसायची. हिंगोली, बीड, यवतमाळ, कुठकुठली पोरं. आम्ही राहायचो अशा खोल्यांत, की दार उघडायचं तर खाट भिंतीला उभी करावी लागे. त्यामुळे काकूंचा वरणभात आणि हातपाय पसरता येतील एवढी जमीन, या दोन्हींचं आम्हाला सारखंच अप्रूप होतं.

माणसांनाही काकांचा नियम तोच. पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी गाव विचारलं आणि नाव विचारलंच नाही. दोन आठवडे मी नुसती "हिंगोली" होते. "हिंगोली, ताक घे." "हिंगोली, तुझी चप्पल आत ठेव, माकडं नेतात." मला मनातून रागच आला होता. तिसऱ्या रविवारी मी न सांगता ताटं उचलायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "आता तापली ही. नाव काय गं तुझं?"

"तबस्सुम."

"बरं. तबस्सुम, एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते. यायचं."

दिल्लीतली माझी तीन वर्षं आणि तीन पूर्वपरीक्षा अशा गेल्या की सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या निकालानंतर अब्बांचा फोन आला. ते रागावले नाहीत, तेच वाईट होतं. म्हणाले, "बेटा, आता घरी ये. नांदेडचं एक स्थळ चांगलं आहे." त्यांचंही बरोबर होतं, किती दिवस पोसणार? मी एका संस्थेत भाषांतराच्या कामासाठी अर्ज केला. घरी बसून काम, पगार खोलीभाड्याला आणि जेवणाला पुरेल इतका. ते मिळालं तर मी दिल्लीत राहून आणखी परीक्षा देऊ शकणार होते, नाहीतर हिंगोलीचं तिकीट काढायचं होतं. त्यासाठी सोमवारी दोन तासांची ऑनलाइन चाचणी होती आणि तिची अट स्पष्ट होती: कॅमेरा पूर्ण वेळ चालू हवा, मध्येच बंद पडला तर चाचणी रद्द, दुसरी संधी नाही. माझ्याकडे काच तडकलेला एक फोन होता. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांच्याच घरी कार्य निघालं होतं. "शनिवारी नेहरू प्लेस. जुने लॅपटॉप तिथेच मिळतात." मग काकूंकडे वळून, "अगं, डबा दे, तिघांचा."

"तिघं कोण?" मी विचारलं.

"दुकानदार जेवत नाही का?"

मेट्रोत त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे, दुकानात आपसांत मराठीत बोलायचं. दिल्लीतल्या मराठी माणसांचं हे जुनं शस्त्र आहे. बाहेर सगळे हिंदीत बोलतात, पण घासाघीस सुरू झाली की नवरा-बायको एकदम मराठीवर येतात आणि समोरचा बिचारा तोंडाकडे बघत राहतो. दुसरी म्हणजे, वस्तू आवडली तर आनंद दाखवायचा नाही. "मी कान खाजवला की समज, हीच घ्यायची. मग तू नांदेडचं स्थळ समोर बसल्यासारखा चेहरा कर."

दुकान तळमजल्यावर होतं, एका जिन्याखाली. आत काळ्या-करड्या लॅपटॉपच्या थप्प्या. मालक पन्नाशीचे, शांत, डोळ्यांवर चष्मा. काकांनी "सेकंड हँड दिखाओ" म्हटल्यावर ते किंचित दुखावले. "सेकंड हँड नहीं जी, रिफर्बिश्ड. बड़ी कंपनियों का माल है, चकाचक करके रखते हैं."

"म्हणजे जुनंच," काका मला म्हणाले, "पण आंघोळ घातलेलं." मग सवयीप्रमाणे त्यांनी मालकांचं गाव विचारलं. ते पानिपतहून रोज ये-जा करत होते. काका माझ्याकडे झुकले. "जपून हं. या गावानं आपल्याला एकदा चांगला धडा शिकवलाय." मालक खाली बघून हातातला लॅपटॉप पुसत राहिले.

तिसऱ्याच लॅपटॉपवर काकांचा जीव जडला. चंदेरी, पातळ, हलका. तो चालू करून कॅमेराही लावला आणि काका स्टुलावर बसले. आता त्यांची दुसरी परीक्षा. कळफलक तपासायला ते रजेचा अर्ज टाइप करत. जुना टायपिस्ट माणूस, दहाही बोटं चालत, नजर पडद्यावर नाही की कळांवर नाही. "मा. महोदय, प्रकृती अस्वस्थ असल्याने एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती." दिल्लीत त्यांनी जिथे जिथे कळफलक पाहिला, तिथे हा अर्ज सोडला होता. गंमत म्हणजे, काकू सांगायच्या, खरी रजा ते कधी घेत नसत, दरवर्षी वाया जात असे.

अर्ज टाइप करून काकांनी कान खाजवला. एकदा नाही, तीनदा. मी नांदेडचा चेहरा केला.

"हिरा आहे गं," काका मराठीत म्हणाले. "बोटं लोण्यात चालल्यासारखी चालतायत. सोडायचा नाही. सोमवारचे तुझे दोन तास डोळे मिटून निघतील. हे काम मिळालं की हिंगोलीचं तिकीट रद्द. मी आता नावं ठेवतो, तू उठून निघाल्यासारखी कर." आणि मालकांकडे वळून तोंड कडू करत, "मशीन में कुछ दम नहीं है जी."

मालकांनी चष्मा काढला. "काका," ते शुद्ध सोलापुरी मराठीत म्हणाले, "आत्ताच हिरा म्हणालात की हो."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. काकांचा हात कानाजवळच राहिला होता.

"आमचा वडिलांपासून कंबलांचा धंदा," मालक सांगू लागले. "सोलापूरला सहा वर्षं होतो, चादरवाल्यांकडं. तिथं शिकलो. आणि ते पानिपतचं म्हणाल, तर त्यात माझा काही हात नाही. मी नंतर जन्मलोय."

काका आधी हसले. असे हसले की स्टूल मागे सरकलं. मग मीही हसले आणि मालकही. पण हसणं ओसरल्यावर मालकांनी तो चंदेरी लॅपटॉप हळूच मिटून बाजूला ठेवला. "ताईची दोन तासांची परीक्षा आहे ना? मग हा नको. तासभर तापला की कॅमेरा बंद पडतो याचा. एकजण परत देऊन गेलाय."

"आणि तुम्ही हा आम्हाला विकत होता?" मी फटकन बोलले. माझा स्वभाव तसाच आहे.

"परीक्षा नसती तर विकला असता," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पत्रं लिहायला चांगलाय की."

काकांनी घड्याळ पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "चाळीस मिनिटांत मी हिरा म्हणालो. जन्मभर लोकांना तापू द्या, तापू द्या सांगतो, आणि रूप बघून भुललो." त्यांना इतकं खजील झालेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला त्यांची फार माया आली.

मग मालकांनी थप्पीच्या तळातून एक काळा, जाडजूड, कोपरा उडालेला लॅपटॉप काढला. झाकणावर जुन्या कंपनीचं लेबल खरवडल्याची खूण होती. वजन असं की गावाकडे पाटा म्हणून खपला असता. "हा दिसायला असाच आहे. पण बंद पडणार नाही." काका म्हणाले, "पडतो का नाही, बघू." कॅमेरा लावला, मला समोर बसवलं आणि दोन तास वीस मिनिटं आम्ही तिथून हललो नाही. डबा उघडला. काकूंची शेंगाचटणी बघून मालक नुसते "अरे वा" म्हणाले आणि पुढची पोळी त्यांनी न विचारता घेतली. काका दर दहा मिनिटांनी पालथा हात लावत होते. मध्ये त्यांनी मला समोरच बसू देऊन, बाजूने हात घालून अर्ज टाइप केला. त्या दिवशी तो जरा लांबला, पण माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या माझ्याच घाबरलेल्या चेहऱ्याकडे होतं. आणि रजेचा अर्ज कोण वाचतं? भाव ठरवताना या वेळी कुणी मराठीत कुजबुजलं नाही. मालकांनी माझं बजेट विचारलं, मी खरं सांगितलं, आणि तेवढ्याच पैशांत सौदा झाला.

सोमवारची चाचणी काकांच्या आग्रहाने त्यांच्या घरीच दिली; लॅपटॉपही शनिवारपासून तिथेच होता. मी नऊला पोचले, तर लॅपटॉप सातपासून चालू! "तापवून ठेवलाय," काका अभिमानाने म्हणाले. त्याची बॅटरी निम्म्यावर आली होती, हे मी वेळेवर पाहिलं आणि वायर लावली. दाराच्या घंटीची तार त्यांनी काढून ठेवली होती. कुकरला बंदी होती, काकूंनी डाळ पातेल्यात शिजत घातली होती. आणि ऑफिसला जायच्या वेळी काका बनियनवर, मी बसणार होते त्या खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून. त्यांनी रजा घेतली होती. खरीखुरी.

दोन तास कॅमेरा चालला. पंधरा दिवसांनी काम मिळालं. दिल्लीत राहून मी आणखी दोनदा परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचले, यादीत मात्र नाव आलं नाही. अधिकारी काही मी झाले नाही. पण ते काम वाढत गेलं, त्यातच माझं पोट आणि माझं नाव उभं राहिलं. अब्बा आता गावात सांगतात, "आमची मुलगी दिल्लीत भाषांतर करते," आणि नांदेडचं नाव काढत नाहीत.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची मुदत आली आणि दोघं मिरजेला निघाले. निजामुद्दीन स्टेशनवर आम्ही जुनी पोरं जमलो होतो. मी चक्क रडले. काकांनी हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "ठीक आहेस. काही काळजी नाही." मग डब्यातला पंखा चालू करून त्याच्याकडे संशयाने बघत बसले.

तो काळा लॅपटॉप गेल्या महिन्यात गेला. सहा वर्षं चालला. मी तो उचलून त्याच जिन्याखालच्या दुकानात नेला. मालकांनी आतल्या फायली बाहेर काढल्या, एकेक उघडून बरोबर आहेत ना, ते पाहत होते. एकाएकी थांबले, बराच वेळ वाचत राहिले आणि पडदा माझ्याकडे वळवला. फायलीचं नाव होतं "अर्ज". तारीख त्या शनिवारची.

"मा. महोदय, संगणक. विषय: सोमवारी हजर राहण्याबाबत. सविनय विनंती की, कु. तबस्सुम, रा. हिंगोली, हिची सोमवारी दोन तासांची परीक्षा आहे. मुलगी हुशार आहे, पण घाबरते, हे आपणास समोर दिसतच आहे. तरी त्या दिवशी आपण कोणतीही रजा न घेता पूर्ण वेळ हजर राहावे व पुढेही जमेल तितकी वर्षे तिला साथ द्यावी. तिला माघारी जावे लागू नये. मंजुरी मिळावी. आपला विश्वासू."

मी तिथूनच मिरजेला फोन लावला. लॅपटॉप गेल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "नवा घेशील तो नीट तापू दे. पूर्ण दोन तास. चाळीस मिनिटांत उठू नकोस."

"काका, अर्ज वाचला आज."

पलीकडे मागून काकू विचारत होत्या, कुणाचा फोन. मग काका खाकरले.

"मंजूर झाला होता ना?"

"झाला होता, काका."

"मग फाईल बंद कर," ते म्हणाले.

ती काही मी बंद केली नाही.