घोड्याच्या घरातलं प्यादं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांचा संसार, स्वतःच्या मूळव्याधीपर्यंत सगळं तिच्या कानावर घातलं — हे मात्र नाही. मग तुम्हालाच काऊन सांगून राह्यलो? खरं सांगू, माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच बरं वाटतं.

मी मोताळ्याला गणिताचा मास्तर होतो. मला बुद्धिबळाचे डाव रचायचा नाद — खेळायचा नाही बरं, रचायचा. पटावर मोजकी मोहरी मांडायची आणि वाचणाऱ्याला विचारायचं: पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात करा. वाट एकच हवी, आणि ती पक्की हवी. नाहीतर डाव फुटला म्हणायचा, रद्दीत टाकायचा. माझे असे सहा-सात डाव एका मासिकात छापून आले होते, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पण तेवढ्यावर गावात मी काय मिरवायचो हो! आता आठवलं तरी लाज वाटते.

गावात आणखी एकच माणूस डाव रचायचा. रशीदभाई, गाद्या भरणारे. बसस्टँडमागे दुकान, भुवयांवर कायम कापूस, शिक्षण चौथी. बुद्धिबळ त्यांना वडिलांनी शिकवलेलं, ते जुनं देशी. बाहेरचे नियम जे काही माहीत होते ते माझ्याकडून. डाव रचला की माझ्याकडे आणायचे. मी ‘बरोबर’ म्हणालो की परत बघायचेही नाहीत. ‘तुमी पाह्यलं म्हन्जे झालं, सर.’ — एवढा भरवसा. कोणी ठेवायला सांगितला होता?

एका वर्षी त्या मासिकानं डाव रचायची स्पर्धा ठेवली. रशीदभाईंनी चार महिने खपून एक डाव मांडला. गादीला टाके घालतानाही ओठ हलायचे त्यांचे. एकदा नाव छापून यावं, एवढीच इच्छा — मुलीला दाखवायचं होतं.

इथे जरा थांबून सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. देशी खेळात प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या मोहऱ्याच्या मूळ घरात पोचलं तेच मोहरं बनतं. घोड्याच्या घरात गेलं तर घोडा, दुसरं काही नाही. बाहेरच्या खेळात तसं नसतं. तिथे खेळणारा हवं ते मोहरं मागतो — आणि बहुतेक सगळे वजीर मागतात. मागणारच. वजिरासारखं बळ दुसऱ्या कशात आहे?

रशीदभाईंच्या डावात प्यादं घोड्याच्या घरात जायचं, घोडा व्हायचं आणि मात. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं, नियमच तो. पण मी तो बाहेरच्या नियमानं पाहिला आणि अंगावर काटा आला. वजीर मागितला तर काळा राजा नुसता कोंडत होता — शह नाही, हलायला जागा नाही, डाव बरोबरीत. वजीर सोडून घोडा मागेल त्यालाच मात सापडणार! सगळी दुनिया वजिरामागे धावून फसली असती. असा डाव मला जन्मात जमला नव्हता, जमणारही नव्हता. आणि आपण काय करून बसलोय याचा ह्या माणसाला पत्ताच नाही!

मी आनंदानं ओरडायला हवं होतं. नाही का?

मी म्हणालो, ‘रशीदभाई, बाहेरच्या नियमात प्याद्याचा वजीरच करा लागते. घोडा नाई करता येत. डाव फुटला तुमचा.’

झालं. एवढंच ते. जीभ अडखळली नाही, घाम फुटला नाही. मत्सर इतका सरळ आवाजात बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी कागद माझ्या हातून परत घेतला. मग कसंनुसं हसून म्हणाले, ‘जाऊ द्या सर. अनपढ मानूस मी, माह्यीच चूक.’ आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो.

स्पर्धेला माझा डाव गेला. नंबर आला नाही. रशीदभाईंनी त्यानंतर नवा डाव कधी आणला नाही. बाकी सगळं होतं तसंच — दुकानावरून जाताना सलाम, ईदला घरी शीरखुर्मा. अकरा वर्षं! एक वाक्य लागत होतं हो. रशीदभाई, मी खोटं बोललो. कितीदा तोंडापर्यंत आलं. मग वाटायचं, विसरले असतील.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. महिन्याभरानं त्यांची मुलगी शबाना घरी आली, डोणगावला दिलेली. अब्बांच्या पेटीत तिला तो कागद सापडला होता. खोडून खोडून विरलेला. प्रत्येक मोहरं दहा जागी हलवून पाहिलेलं, सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी — प्याद्याचा वजीर होऊन मात व्हावी. माझ्या खोट्या नियमाप्रमाणे तो माणूस अकरा वर्षं एकटाच डाव दुरुस्त करत होता. जो मोडलाच नव्हता.

‘सर,’ शबाना म्हणाली, ‘अब्बा शेवटपर्यंत म्हनत होते का माह्या डावात खोट राह्यली. खरंच होती काय?’

आता कोणाची भीती होती मला? ज्याच्यापासून लपवायचं तो गेलेला. माझी सत्तरी आलेली. आत बायको भाकरी थापत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

मी म्हणालो, ‘हाव बेटा. थोडीशी होती.’

तिनं मान हलवली. कागदाची हळूच घडी केली आणि म्हणाली, ‘तुमी होते म्हनून पकडली, सर. नाईतर लोकायसमोर फजिती झाली असती अब्बाची. लय उपकार तुमचे.’

मी म्हणालो, ‘असू दे, असू दे.’