पोल्ट्रीवाल्याच्या मुलीला अंडं चालत नाही

माझी मुलगी पालथी पडायला लागली, त्याच सुमारास तिचे गाल फुटले. आधी नुसते लाल आणि खरखरीत झाले, मग त्यांतून पाणी यायला लागलं. पुढं कोपराच्या वळीत, गुडघ्यांच्या मागं, मानेच्या घडीत तेच. ती झोपेतसुद्धा खाजवायची आणि सकाळी तिच्या झबल्यावर रक्ताचे ठिपके असायचे.

मी नवापूरला एका पोल्ट्रीत सुपरवायझर आहे. अंड्याच्या कोंबड्यांच्या शेडा माझ्याकडं असतात. राहायला आवाराबाहेरच दोन खोल्या. आमचं मूळ गाव शहादा तालुक्यातलं कळसाडी. घरी कापूस, ऊस आणि अंड्या-मटणाला कधीही हात न लावणारी माझी आई. मी कोंबड्यांची नोकरी धरली हे तिला आवडलं नव्हतं. भावकीत ती सांगायची, पोरगा कंपनीत आहे.

मुलीच्या कातडीवर प्रत्येकाकडं उपाय होता. कडुनिंबाचं पाणी झालं, साय-हळद झाली. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, तिनं चार दिवस गाल एकदम स्वच्छ झाले आणि थांबवल्यावर दुपटीनं फुटले. आईचं म्हणणं, सुनेनं पोटुशी असताना वांगी फार खाल्ली. बायको मान खाली घालून ऐकायची. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही, पण मुलीला आंघोळ घालताना ती रडते हे मला माहीत होतं.

मग अंड्याचा प्रसंग आला. तडा गेलेली अंडी आम्हा कामगारांच्या घरीच येतात, त्यामुळं मुलगी वरचं खायला लागल्यावर बायकोनं भातात उकडलेलं अंडं कुस्करून दोन घास भरवले. मी जेवायला घरी आलो होतो. माझ्यासमोर तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तिनं ओकारी काढली आणि रडण्याचा आवाज बसत गेला. मी मोटरसायकल काढली, बायको तिला छातीशी धरून मागं बसली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काही न विचारता आधी मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं तिचा श्वास मोकळा झाला आणि ती मोठ्यानं रडली. तेवढं चांगलं रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्यांनी तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि सुरतेच्या एका डॉक्टरीणबाईंकडं जायला सांगितलं.

त्या बाईंनी तपासण्या केल्या आणि आमच्याशी हिंदीत निवांत बोलल्या. त्या म्हणाल्या, ह्या दोन गोष्टी आहेत. कातडी ओल धरून ठेवत नाही, तिची रोज निगा राखावी लागेल. आणि अंड्याची ॲलर्जी आहे, म्हणून अंडं पूर्ण बंद. दूध, गहू वगैरे मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, मुलीला वाढायचं आहे. अशी बरीच मुलं मोठी होताना यातून बाहेर पडतात, आपण मधून मधून बघत राहू. मांडीतलं इंजेक्शन कसं द्यायचं ते त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं. मग बायकोनं तिथं पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि विचारलं, "हे माझ्या खाण्यामुळं झालं का?"

"बिलकुल नाही," बाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत बायको खिडकीतून बाहेर बघत बसली होती. व्याऱ्याच्या पुढं ती अचानक म्हणाली, "आता बघाच तुम्ही."

आणि तिनं करून दाखवलं. कोमट पाण्याची झटपट आंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच मलम, वर माझ्या जुन्या सुती बनियनचं शिवलेलं झबलं, हाताला त्याचेच मोजे. कातडी पेटली की बाईंनी दिलेली ट्यूब, त्यांनी सांगितली तेवढीच आणि सांगितलं तितके दिवस. घरात अंडं येणं बंद झालं. माझ्या कपड्यांना फुटक्या अंड्यांचं लागतं, म्हणून मी पोल्ट्रीतच आंघोळ करून दुसरे कपडे घालून घरी यायला लागलो. बाकीचे सुपरवायझर हसायचे. मी त्यांना हसू दिलं, कारण मुलीचे गाल भरत चालले होते.

आईला मात्र हे सगळं थोतांड वाटत होतं. तिचं म्हणणं, तिच्या घरात अंडं येतच नाही, तर नातीला तिथं कसली भीती? एका दिवाळीत आम्ही कळसाडीला होतो. पुतण्याच्या वाढदिवसाला शहाद्याहून केक आला. आम्ही दोघं मागच्या अंगणात होतो आणि नात मागते म्हणून आईनं तिला एक तुकडा दिला. केकात अंडं असतं हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. मुलीच्या तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ जाड झाला. या वेळी त्यापुढं गेलं नाही. औषध दिलं, इंजेक्शन बायकोच्या हातात देऊन मी भावाची चारचाकी काढली आणि मुलीला शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. आई मागं बसून नातीच्या तोंडाकडं बघत होती. घरी परत आल्यावर ती सुनेजवळ गेली आणि म्हणाली, "माले समजाडी सांग. काय देवानं, काय नही." काय द्यायचं, काय नाही, बायकोनं तिला सगळं पहिल्यापासून समजावलं.

त्यानंतर आईसारखा पहारेकरी मिळाला नसता. लग्नात ती आचाऱ्याच्या मागं उभी राहायची. बिस्किटाचा पुडा दुकानदाराकडून वाचून घ्यायची. तिचं पाहून मुलगीही शिकली. अंगणवाडीत सगळ्यांना उकडलेलं अंडं मिळायचं, सेविकाताई हिला केळं द्यायच्या. एकदा शेजारच्या मुलीनं हिच्यापुढं खाऊ धरला तेव्हा ही म्हणाली, "यामा अंडं शे का? माले चालत नही." सेविकाताईंनी हे मला रस्त्यात थांबवून सांगितलं. पोल्ट्रीत पोचेपर्यंत मी एकटाच हसत होतो.

ती पाचेक वर्षांची झाली तेव्हा सुरतेच्या बाई म्हणाल्या, रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, आता खाऊन बघू. घरी नाही, इथं माझ्यासमोर. अंडं घालून भाजलेला केक, आधी कणभर, मग वाढवत. त्याआधी काही दिवस खाजेचं औषध बंद ठेवायचं होतं, नाहीतर गांधी दडून राहिल्या असत्या. ते दिवस कठीण गेले. कोपरं पुन्हा लाल झाली, बायकोनं ओल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ते निभावलं. आई कळसाडीहून येऊन बसली. मला नेल्याशिवाय जाऊ नका, एवढंच तिचं म्हणणं.

दवाखान्यात मुलीला खाटेवर बसवलं. पहिला कण तिनं जिभेवर ठेवला आणि आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघितलं. नर्स येऊन छाती तपासायची, कपडा वर करून पोट बघायची, मग पुढचा तुकडा मिळायचा. मधल्या वेळात आई तिच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. एकदा मुलीनं गाल खाजवला आणि बायकोचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. पण तो डास होता. शेवटचा तुकडा सगळ्यांत मोठा होता. तो संपवून तिनं बोटं चाटली आणि आणखी आहे का म्हणून नर्सला विचारलं.

दुपार उतरल्यावर बाई आल्या, तिला पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "पास." असा केक आता नियमित द्यायचा, उकडलेल्या अंड्याचं पुढं बघू. बायको तिथंच खाली बसली. मी मुलीला उचलून घेतलं.

गाडीत आम्हाला खिडकी मिळाली. समोर एक अनोळखी कुटुंब होतं, कुठून आलात विचारत होतं. आई सावरून बसली, पदर नीट केला. जिच्या चुलीवर कधी अंडं चढलं नाही, ती बाई सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मन्ही नातनी आज अंडं खादं. काहीच व्हयनं नही."

आता मुलगी पहिलीत आहे. थंडीत कातडी थोडी उठते, तेव्हा ती स्वतःच मलमाची डबी काढून आरशासमोर उभी राहते. मागच्या महिन्यात तिनं सुरतेला उकडलेल्या अंड्याची परीक्षाही पार पाडली. आईला ते लगेच फोनवरून कळवलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या कळसाडीला माहीत झालं होतं.