पाहणीसाठी सारवलेलं घर

सोनीबाईंना लेकीच्या घरी येऊन दुसरा उन्हाळा लागला होता. पेठला स्नेहलचं सासर खाऊनपिऊन सुखी. विहीणबाई वैजयंती कधी टोचून बोलल्या नाहीत. फक्त पाहुणेरावळे आले, की हमखास म्हणायच्या, "सोनीताईंचं काय ओझं हाय का आमाला? ऱ्हातील की हवं तितकं." त्या दिवशी सोनीबाईंच्या ताटातली दुसरी भाकरी तशीच टोपल्यात परत जायची. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणणाऱ्या आईची ती मुलगी होती.

त्यांचं स्वतःचं घर कळंबच्या पुढे, मोठ्या रस्त्याला लागून. दोन खोल्या, पुढे ओटा, वर पत्रा. नवरा गेल्यावरही त्या तिथे एकट्या, कांद्याच्या वखारीत निवडणीला जाऊन, ताठ मानेनं राहिल्या. रस्ता रुंद करताना खोदाईत नळाची लाइन तुटली, दारापुढचा विजेचा खांब गेला. घर वाचलं, पण वस्ती रस्त्याच्या पलीकडे आणि घर अलीकडे, एकटं. लाइन टाकून देऊ, असं सगळेच म्हणाले. टाकली कुणीच नाही. सोनीबाईंनी पावसाळाभर पलीकडच्या अंजनाच्या बोअरवरून हंडे आणले. भरधाव गाड्यांतून डोक्यावर हंडा घेऊन रस्ता ओलांडताना एकदा पडल्या, गुडघा धरला, तेव्हा स्नेहल येऊन घेऊन गेली.

नवीन नळ मागायला गेल्यावर ग्रामपंचायतीत कळलं, की आधी थकलेली घरपट्टी भरायची. त्या पट्टीत पाणीपट्टी होती, दिवाबत्तीचा करही होता.

"पाणी न्हाई, दिवा न्हाई, मग पट्टी कशाची?" सोनीबाईंनी विचारलं.

"घर तर आहे ना, मावशी?" ग्रामसेवक म्हणाले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"हाय. पण ऱ्हाता येत न्हाई."

"मग तसा अर्ज द्या. मी पाहणी करतो. राहण्याजोगं नसेल तर मासिक सभेत माफीचं बघू. बाकी मिटली, की नळाचं लगेच करता येईल."

जावई सूरज म्हणाला होता, "आत्याबाई, मी भरून टाकतो, सोडा." पण जावयानं सोडवलेल्या घरात जाऊन राहायचं, तर मग लेकीच्या घरी काय वाईट होतं? सोनीबाईंनी अर्जावर अंगठा नाही, सही केली.

पाहणीच्या आदल्या दिवशी त्या एसटीनं घरी गेल्या. दार उघडलं. कोपऱ्याकोपऱ्यात जाळी, चुलीत उंदराच्या लेंड्या, भांड्यांवर बोटभर धूळ. उद्या सरकारी माणूस येणार, त्याला हे दाखवायचं? त्यांनी पदर खोचला. अंजनाकडून शेण आणलं, गुडघा धरत-धरत हंडे आणले. घर झाडलं, ओटा सारवला, तांब्यापेले चिंचेनं लखलखीत घासले.

अंजना रस्त्यापलीकडून ओरडली, "कुणाची सोयरीक जमवतीस का काय गं?"

"भाऊसाहेब यायचेत. असं घर दावू व्हय त्यांना? म्हनतील, ही बाई अशीच ऱ्हात व्हती."

दुसऱ्या दिवशी पेठहून येताना त्यांनी स्नेहलच्या थर्मासमधून चहा आणला. भाऊसाहेब आले, चपला काढून आत आले. सोनीबाईंनी चटई अंथरली, तांब्याभर पाणी दिलं, मग चहा दिला.

"घर छान ठेवलंय, मावशी," भाऊसाहेब म्हणाले.

सोनीबाईंना किती महिन्यांनी बरं वाटलं.

पंधरवड्यानं निकाल आला. सूरजनं तो जेवणाच्या पंगतीत वाचून दाखवला. घर स्वच्छ व सारवलेले आढळले. पिण्याच्या पाण्याची व चहाची सोय आढळली. घर वापरात असल्याने माफी देता येत नाही.

वैजयंतीबाईंनी आमटीची वाटी खाली ठेवली. "अवो ताई, पडक्या घराची पाहणी व्हती ना? तुमी मुलगी बघाय आल्यागत केलंत की!"

सगळे हसले. स्नेहलही हसली, मग आईकडे बघून तिनं भाकरीचं टोपलं पुढे सरकवलं.

सूरजच्या ओळखीनं पुन्हा पाहणी मिळाली. या वेळी स्नेहलनं बजावलं, "आई, झाडूला हात लावायचा नाही. पाणी नाही, चहा नाही. काही म्हणजे काही नाही."

"अगं, पण दारात आलेला माणूस..."

"तुला घरी जायचंय का नाही?"

मे महिन्याचं ऊन होतं. सोनीबाई ओट्यावर उभ्या राहिल्या, धुळीत बसवेना. सारवण उडून ओट्याला पोपडे धरले होते. भाऊसाहेब घामाघूम होऊन आले. या वेळी त्यांनी चपला काढल्या नाहीत. चपलांसकट स्वयंपाकघरापर्यंत गेले, जाळ्यांचे फोटो काढले, कोरड्या नळाचा काढला. सोनीबाई दाराच्या चौकटीला धरून त्यांचे पाय बघत होत्या.

बाहेर येऊन त्यांनी रुमालानं मान पुसली. "मावशी, थोडं पाणी मिळेल?"

खांद्याच्या पिशवीत पेठहून आणलेली बाटली होती. गच्च भरलेली. सोनीबाईंचा हात पिशवीकडे गेला आणि बंदावर थांबला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पाणी न्हाई इथं."

भाऊसाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. कागद गाडीच्या सीटवर ठेवून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "घर राहण्यास अयोग्य."

"अयोग्य नका लिहू, भाऊसाहेब. घर चांगलंय. पाणी न्हाई, एवढंच लिवा."

"तेवढ्यानं माफी मिळणार नाही, मावशी." त्यांनी कागद पुढे केला. "सही करा इथं. आणि सभा होईपर्यंत हात लावू नका कशाला. सदस्य येऊन बघतील कदाचित."

सोनीबाईंनी सही केली.

भाऊसाहेब गाडी घेऊन रस्ता ओलांडून अंजनाच्या दारात थांबले. तिनं तांब्या दिला, ते उभ्या-उभ्या वरून घटाघटा पाणी प्यायले. ते गेल्यावर अंजना रस्त्याच्या कडेला आली.

"सोने, काय गं ही तऱ्हा! उन्हातान्हाचं माणूस, घोटभर पाणी बी दिलं न्हाईस?"

मधून एक ट्रक गेला, मग दुसरा. सोनीबाईंनी कुलूप लावलं. उंबऱ्यावर भाऊसाहेबांच्या चपलांचे ठसे उमटले होते, त्यांच्यावर पाय न पडू देता त्या खाली उतरल्या.

पेठला पोचेपर्यंत दिवस कलला होता. स्नेहलनं आधी निकालाचं विचारलं. होईल म्हणाले, असं सोनीबाईंनी सांगितलं. मग तिनं पिशवी रिकामी करायला घेतली आणि बाटली हातात धरून थांबली.

"आई, भरलेलीच आहे ही. दिवसभर प्यायली नाहीस?"

"भाऊसाहेबांना दिलं न्हाई," सोनीबाई म्हणाल्या, "मग मी कशी पिऊ?"

आतून वैजयंतीबाईंनी विचारलं, "ताई आल्या का? चहा ठेवू?"

सोनीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ठेवा," त्या म्हणाल्या.