मिस वीडाचं फ्रिजमधलं झाड

सायप्रस हाऊस या आमच्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. माझ्या फ्रिजमध्ये काय ठेवायचं यावर इतक्या वर्षांत मी कुणाचं ऐकलेलं नाही, आणि एकदा सोडून कुणी बोलायलाही आलं नाही. ती एक वेळ म्हणजे मिस वीडा मिलिकन आमच्याकडे होत्या तो हिवाळा.

आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. मिस वीडा कोण, हे आमच्या ब्रन्सविक काउंटीत कुणाला सांगावं लागत नाही. तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. आज पन्नाशीला आलेल्या निम्म्या गावाने त्यांचा ओरडा खाल्लाय, मीही त्यातलीच. तसा ओरडाही त्या फार करत नसत. चालत्या बसमध्ये कुणी जागेवरून उठलं की गाडी बाजूला घ्यायच्या, इंजिन बंद करायच्या, हाताची घडी घालून समोर बघत बसायच्या. उठलेला खाली बसेपर्यंत आख्खी बस तिथेच. एकदा दलदलीच्या रस्त्यावर आम्ही चाळीस मिनिटं डास मारत बसलो होतो. हेडमास्तरांनी जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, मला घाई नव्हती.

एक्याऐंशीव्या वर्षी, सप्टेंबरातल्या वादळानंतर अंगणातल्या फांद्या उचलताना त्या पडल्या आणि खुबा मोडला. मुलगा रँडल रॅलेला असतो, गाडीने अडीच तासांवर. त्याने हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे आणलं. तीन महिने, पाय सुधारला की घरी, असं ठरलं होतं. सोबत एक सुटकेस, एक वॉकर आणि प्लॅस्टिकच्या कुंडीत एक फ्लायट्रॅप. त्यांचं घर ग्रीन स्वॉम्प या दलदलीच्या कडेला, पाइनच्या माळाला लागून आहे, आणि मागच्या अंगणात बापाच्या वेळचा बाथटब अशाच झाडांनी भरलेला आहे. ही कुंडी त्यातलीच.

जबड्यासारखी पानं मिटून माशा धरणारं हे झाड जगात आपोआप उगवतं ते आमच्याच या पट्ट्यात. आणि तरी आमच्याइतकं ते कुणी मारत नसेल. कारण साधं आहे. आमच्याकडे दारात आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ज्याला तोंड दिसतं त्याला तर नाहीच.

पहिल्याच आठवड्यात मिस्टर गोरनी न्याहारीतला बोलोनी सॉसेजचा तुकडा एका जबड्यात ठेवला. आयुष्यभर कोळंबीची होडी चालवलेला मऊ मनाचा म्हातारा, त्याला वाटलं झाड सुकलंय. चार दिवसांत तो जबडा काळा पडून कुजला. मिस वीडा त्यांच्या टेबलाशी गेल्या.

"एलवुड, त्याला भूक लागली तर ते माशी धरेल."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर उपाशी राहील. त्याला सवय आहे. तुझी चरबी त्याला पचत नाही, आणि खरं सांगायचं तर तुलाही पचत नाही."

मग नर्सांची पाळी. येता-जाता जबड्यात पेनाचं टोक घालायचं, तो मिटला की हसायचं. एक जबडा आयुष्यात मोजक्या वेळाच मिटू शकतो आणि मग वाळतो, हे मिस वीडांनी दोनदा नीट सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, चमच्याने बोटावर मारलं. त्याची नोंद झाली.

नोंद करणाऱ्या मिसेस टीग, आमच्या व्यवस्थापक. उत्तरेकडच्या, पेनसिल्व्हेनियाच्या. बाई वाईट नाहीत, पण टापटिपीचं भयंकर वेड. एका दुपारी त्यांनी मिस वीडा झोपलेल्या बघून ते झाड चिनी मातीच्या कुंडीत लावलं, पिशवीतली काळीभोर खतवाली माती घातली, वर गुलाबी रिबीन बांधली आणि टेबलावर ठेवलं. प्रेमानेच केलं होतं, ते मी मान्य करते. मिस वीडा उठल्या, कुंडी वॉकरच्या टोपलीत घातली आणि माझ्या मोरीत आणून सगळी माती ओतून टाकली. पावसाच्या पाण्याने मुळं एकेक करून धुतली आणि झाड पुन्हा आपल्या कुंडीत लावलं, वाळू आणि शेवाळाच्या मातीत. त्या मातीत काही म्हणजे काही कस नसतो. चांगल्या मातीची मुळांना सवय नाही, ती जळतात, असं त्या म्हणाल्या. रिबीन मला दिली, माझ्या मुलीसाठी.

मिसेस टीग दुखावल्या. फाइलमध्ये लिहिलं गेलं, मदत स्वीकारत नाहीत. पन्हळीखाली बादली ठेवून पावसाचं पाणी साठवायच्या, तेव्हा लिहिलं गेलं, घाणेरडं पाणी साठवतात. आमच्या नळाला विहिरीचं क्षाराचं पाणी येतं, किटलीत बोटभर पांढरा थर बसतो, ते कुणी लिहिलं नाही.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला झाडाची पानं काळी पडायला लागली. दर हिवाळ्यात पडतातच, झाड तीन महिने झोपतं. पण त्या झोपेला थंडी लागते, आणि आमच्या आश्रमात डिसेंबरात माणसं बिनबाह्यांच्या कपड्यांत बसतात इतकी हीटरची उष्णता. अशा उबेत झाड झोपत नाही, आणि वर्षभर जागं राहिलं की थकून मरतं. मिस वीडांनी कुंडी मागच्या पायरीवर ठेवायची परवानगी मागितली. मिसेस टीग म्हणाल्या, वृद्धाश्रमाच्या दारात मेलेलं झाड दिसलं तर चौकशीला आलेली माणसं काय समजतील?

मग मिस वीडा माझ्याकडे आल्या. मोठ्या फ्रिजमध्ये सगळ्यांचं अन्न, तिथे मातीची वस्तू मी जाऊ दिली नसती. पण मागच्या खोलीत एक लहान जुना फ्रिज आहे, आम्हा कामवाल्यांच्या डब्यांचा. त्यात खालच्या कप्प्यात, पिशवीला भोकं पाडून, मी ती कुंडी ठेवली. मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. मिस वीडा रोज जेवण झालं की येऊन दार उघडायच्या, मातीला बोट लावायच्या, बुरशी आलीय का बघायच्या आणि जायच्या.

जानेवारीत त्यांना खोकला झाला, आठवडाभर खोलीबाहेर पडल्या नाहीत. पाऊस नव्हता, पावसाच्या पाण्याचा कॅन रिकामा. माती कोरडी लागली म्हणून मी घाबरून नळाचं पाणी घातलं. घातल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"किती?"

"अर्धा कप."

"एकदाच्या अर्ध्या कपाने मरत नाही, ज्यूनेल. रोजच्या कपाने मरतं. पाऊस आला की दोनदा धुऊन काढ."

मी तिथेच उभी राहिले. इतकं का जपता या एका झाडाला, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की लहानपणी एका व्यापाऱ्यासाठी त्या माळावरून ही झाडं उपटायच्या, गोणीच्या गोणी. तेव्हा त्याला बंदी नव्हती. ती उत्तरेकडच्या शहरांत जायची, लोक ती खिडकीत ठेवायचे, नळाचं पाणी घालायचे, मटण भरवायचे. "सगळी मेली," त्या म्हणाल्या. "मी उपटली आणि त्यांनी लाड करून मारली. अजून लाज वाटते मला." त्यांना तसं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पाऊस आला तेव्हा मी कुंडी दोनदा नाही, चारदा धुतली. पण फेब्रुवारीत पिशवी उघडली तर पानं चहाच्या चोथ्यासारखी झालेली. माझ्या अर्ध्या कपानेच ते गेलं, असं मी धरून चालले होते. मिस वीडा रोज येऊन मातीला बोट लावून जात होत्याच, पण ते गेलं का, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, न्याहारीची भांडी आवरल्यावर, जेवणाच्या खोलीत बैठक बसली. मिस वीडा, रँडल, मिसेस टीग. मी कॉफी ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. तीन महिन्यांचे सहा झाले होते. पाय बरा होता, व्यायाम घेणारी मुलगी लिहून देऊन गेली होती की बाई जिना चढतात. पण रँडलला घरासाठी गिऱ्हाईक मिळालं होतं, कागद तयार होते, फक्त आईची सही हवी होती. माळाच्या कडेला नवी घरं उठताहेत. तो बाथटब पहिल्या दिवशीच उकिरड्यावर गेला असता.

मिसेस टीगनी फाइल वाचली. चमचा, माती, पाणी. शेवटी म्हणाल्या की मिसेस मिलिकन नोव्हेंबरपासून एक मेलेलं झाड फ्रिजमध्ये ठेवून रोज त्याला भेटायला जातात, ते मेलंय हे त्यांना पटत नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. एवढे दिवस त्या गप्प बसल्या होत्या, ती फाइल भरावी म्हणून. मला असा राग आला की कॉफीची किटली मी आदळलीच.

रँडल खाली बघत होता. आईच्या पायाची मला काळजी नाही, तो म्हणाला, पण एकटीने राहायचं तर डोकं ठिकाणावर लागतं. वाईट मुलगा नाही तो. घाबरलेला होता.

"म्हणजे सगळं त्या झाडावर आलं," मिस वीडा म्हणाल्या. "ठीक आहे. ते मेलेलं असेल तर मी सही करते. ज्यूनेल, आण."

मी किटली पुसत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बसच्या आरशातून बघायच्या तसं, आणि मी गेले.

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कुंडी उलटी केली, काळी पानं चमच्याने बाजूला सारली आणि मातीतून लसणाच्या कुडीएवढं काहीतरी उचलून रुमालाने पुसलं. पांढरट, बुडाशी जरा गुलाबी. ते त्यांनी मुलासमोर ठेवलं.

"दाब."

"आई, मला दिसतंय ते..."

"दिसतंय का ते विचारलं नाही. अंगठ्याने दाब."

रँडलने हात पुढे केला नाही. मिसेस टीग म्हणाल्या, याची काही गरज नाही. मिस वीडांनी हाताची घडी घातली, खुर्चीला पाठ टेकली आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागल्या.

मी ओळखलं. रँडलनेही ओळखलं, तोही त्याच बसमधून शाळेत गेला होता. मिसेस टीगना मात्र कल्पना नव्हती. त्यांनी घड्याळ बघितलं, फाइल बंद केली, पुन्हा उघडली, दुसरी बैठक आहे म्हणाल्या. मिस वीडा म्हणाल्या, मला घाई नाही. कॉफीवर साय धरली.

शेवटी रँडलने ते उचललं आणि अंगठ्याने दाबलं. मग जोर लावून दाबलं. मग उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन पुन्हा दाबलं.

"घट्ट आहे," तो म्हणाला.

"हा त्याचा कंद. मेलेला असता तर बोटाखाली चिखल झाला असता. पानं दरवर्षी काळी होतात, रँडल. तू त्या अंगणात वाढलास."

त्याने ते मिसेस टीगच्या हातात दिलं. त्यांनीही दाबून बघितलं, आणि त्यांचा चेहरा खरंच बदलला, ते मी नाकारणार नाही. त्या म्हणाल्या, किती सुंदर, हे अगदी तुमच्यासारखंच आहे, वरून थकलेलं आणि आतून खंबीर.

"मी झाड नाही," मिस वीडा म्हणाल्या. "मला भूक लागते. आणि मला माझ्या घरी जेवायचं आहे."

मी दारात तोंडावर फडकं धरून हसले आणि रडलेही. रँडलने कागद दुमडून कोटाच्या खिशात घातले. शनिवारी तो ट्रक घेऊन आला आणि आईला घरी घेऊन गेला. जाण्याआधी मिस वीडांनी माझ्या मोरीशी उभं राहून त्या कुडीचे दोन भाग केले, एक दह्याच्या डब्यात लावून मला दिला आणि पावसाच्या पाण्याचा कॅनही ठेवून गेल्या. बोलोनी नाही, एवढंच सांगितलं.

उन्हाळाभर ते माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर भर उन्हात होतं. डिसेंबरात पानं काळी पडली, तरी मी ते हलवलं नाही. एका सकाळी दवाचा बर्फ झाला होता, आणि मिसेस टीग मागच्या दारातून आत आल्या. पायरीवर मेलेलं झाड आहे, काढून टाक, म्हणाल्या.

मी रताळी सोलत होते. सुरी खाली ठेवली, हात पुसले, हाताची घडी घातली.

"दाबून बघा," मी म्हटलं.

त्या दार उघडं टाकून तशाच उभ्या राहिल्या, बाहेरची थंडी सगळी आत. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते. जेवणाला अजून तीन तास होते आणि मला काही घाई नव्हती. बऱ्याच वेळाने पायरीवर त्यांचे गुडघे टेकल्याचा आवाज आला.