लाईट न्हवती, तरी क्यामेऱ्यानं बोलावलं

असल्या गोष्टीवर मी खदाखदा हसणारी बाई हाय. कुणी भुताचं सांगाय लागलं की मी उठून जायची. धावी नापास हाय, लिवताना चुकलं तर संभाळून घ्या.

आमचं घर कळंब्यात, तळ्याच्या अंगाला. बाळ तीन म्हयन्याचं. मालक वायफाय जोडायची कामं करत्यात, म्हणून घरात बल्ब, पंखा सगळं फोनवर. बाळाच्या खोलीत क्यामेरा. बाळ रडलं की माझा फोन वाजतोय.

त्या दिवशी सकाळधरनं लाईट न्हवती. बाळाला न्हाऊ घातलं, नवं पिवळं झबलं घातलं, त्याच्या खोलीत बाजल्यावर निजवलं. आत्याबाईंनी, म्हंजे सासूबाईंनी, बाजल्याखाली कोळशाची शेगडी सरकवली. "खिडकी लाव गं, वारं लागंल लेकराला!" मी खिडकी लावली, दार वडून घेतलं आन् धुणं वाळत घालाय गच्चीवर गेले.

फोन वाजला — 'बाळ रडतंय.'

उघडून बघतीया तर पिवळं झबलं दिसतंय… पण बाळ रडत न्हाय. हालत बी न्हाय.

जिना कसा उतरले ठावं न्हाय. बाळाची मान लुळी! उचललं, अंगणात पळाले. "आत्याबाई, वो आत्याबाई!" तळपाय चोळले, चोळले… मग एकदम श्वास घेतला आन् भोकाड पसरलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, बंद खोलीत कोळसा? त्यातून निघणाऱ्या विषारी गॅसला वास नसतो. अजून थोडा वेळ गेला असता तर बाळ हाती लागलं नसतं."

"माझी चार पोरं शेगडीवरच वाढली की वो!" आत्याबाई रडाय लागल्या.

मालकांस्नी फोनचं सांगितलं तर म्हणाले, "खुळी हाईस काय? क्यामेरा आधी वायफायच्या डब्याला सांगतोय, डबा कंपनीच्या लांबच्या कम्प्युटरला, तिथनं निरोप तुझ्या फोनला. लाईट न्हाय म्हंजे क्यामेरा बंद, डबा बंद. निरोप धाडणार कोण?"

"मग मी उगंच पळाले व्हय?"

त्यांनी फोन तपासला. त्या दुपारचा एक बी निरोप न्हाय. म्हणाले, "जुनं कायतरी उशिरा पोचलं असंल." पण झबलं तर मी त्याच दिवशी घडी मोडून घातलेलं!

शेगडी आत्याबाईंनी स्वतः फोडली. आता रोज क्यामेऱ्याला हळद-कुंकू लावत्यात, आन् मालक बी हसत न्हाईत.

मला कुणी कायबी समजावून सांगू दे, एक गोष्ट डोक्यातनं जाईना. बाळाला तवा शुद्धच न्हवती… मग त्या खोलीत रडत कोण होतं?