लाइफबोट खाली येते का?

गेवराईत प्रणिताला आता "जहाज अडवणारी" म्हणतात. बाजारात, पिठाच्या गिरणीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. म्हणणारे हसत म्हणतात आणि मला दर वेळी त्यांच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. जहाज हिनं अडवलंच नाही, परदेशातल्या एका बंदराच्या तपासणी अधिकाऱ्यानं अडवलं. आणि अडवलं ते बरंच केलं. पण नवऱ्याची नोकरी गेली ना, मग दोष बायकोचा!

माझं शिवणकामाचं दुकान तिच्या किराणा दुकानासमोर. त्यामुळे जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, कुणी मला शिकवायला येऊ नये.

प्रणिता मूळची माजलगावची. लग्न होऊन रुद्रप्पांच्या घरात सून म्हणून आली. नवरा सिद्धाराम मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. दुकान, सासरा आणि लहानगी लेक संस्कृती, सगळं हिच्याच गळ्यात. खटकलं की बोलणार, हा तिचा स्वभाव पहिल्यापासूनचा. एकदा गल्लीतल्या आम्ही बायका काळी-पिवळी जीपनं कपिलधारला दर्शनाला निघालो होतो. चहाला गाडी थांबली, तर ड्रायव्हरनं उतरून चाकाखाली दगड लावला.

"हँडब्रेक न्हाई का?" हिनं विचारलं.

"दगड हाय की, ताई."

ही पोरीला कडेवर घेऊन उतरली आणि राहिलेला रस्ता चालत आली. गाडीतल्या बायका तिला हसत होत्या. मला मात्र ती तेव्हाच आवडली.

सिद्धारामला ते जहाज मिळवून दिलं त्रिंबकनं. ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमासारखाच हा, फक्त याची माणसं समुद्रावर जातात. जहाज जुनाट. मालक एका देशात आणि झेंडा भलत्याच देशाचा, जिथल्या कुणी ते जहाज कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बुडालं तर जाब कुणाला विचारायचा? कुणालाच नाही, तशी सोयच केलेली असते. म्हणून जहाज ज्या बंदरात लागेल तिथल्या अधिकाऱ्यांना ते तपासायचा अधिकार असतो. धोका दिसला, तर दुरुस्ती होईपर्यंत ते जहाज हलू देत नाहीत. खलाशाला वाली म्हणावा तर एवढाच.

अशी तपासणी येणार म्हटल्यावर कप्तानानं आदल्या दिवशी खलाशांच्या हातात रंगाचे डबे दिले. गंज खरवडायचा नाही, वरून रंग फासायचा. जहाज बुडायला लागलं तर जीव वाचवायची जी लाइफबोट, ती ज्या हुकांना टांगलेली असते त्या हुकांवरसुद्धा रंग. अधिकाऱ्यानं बोट खाली सोडून दाखवा म्हटलं, तर कप्तान म्हणे वारा फार आहे. तेव्हा सिद्धारामला राहवलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो बोलून गेला, हुक गंजलेत, ही बोट धड खाली येणार नाही. झालं, जहाज तिथंच अडकवून ठेवलं.

आमच्याकडे बातमी आली ती "जहाजाला अटक झाली" अशी. संध्याकाळपर्यंत गल्लीनं सिद्धारामलाच बेड्या घातल्या. एका बाईनं तर प्रणिताला तोंडावर विचारलं, "कशात सापडला गं?" एवढ्या दुरून दुसऱ्याची अब्रू काढायला आपल्या लोकांना काही लागत नाही.

मग त्रिंबक दुकानात आला. रुद्रप्पा गल्ल्यापाशी बसून जेवत होते. त्याचं गोड तोंड पाहून मीही हातातली कात्री टाकून तिकडे गेले.

"वहिनी, उद्या साहेब परत तपासायला येणार हाय," तो म्हणाला. "सिद्धारामनं फक्त म्हणायचं, माझा गैरसमज झालता. जहाज सुटंल, सगळे घरी येतील. न्हाईतर खोटी तक्रार केली म्हणून त्याला आत टाकतील. तो तयार हाय, पर तुमच्या शब्दासाठी अडलाय."

रुद्रप्पांचा घास हातातच राहिला. "म्हण की पोरी. एवढं एकच वाक्य. माझं पोरगं घरी येऊ दे."

म्हाताऱ्याचा मला राग आला नाही. त्रिंबकचा आला, अजून येतो.

प्रणितानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अहो, ती बोट खाली येती का?"

तिकडून सिद्धाराम म्हणाला, "आता कावून विचारतीस? शब्द फिरवा म्हणून तूच निरोप दिलास ना? त्रिंबक म्हणला, तू लई रडतीस, अप्पांनी अन्न सोडलंय. मी कप्तानाला हो म्हणून बसलोय."

आम्ही सगळ्यांनी अप्पांच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलं.

"तसं न्हाई वहिनी, मी आपलं तुमच्या भल्यासाठी..."

"तुमी गप बसा!" ती त्रिंबकवर कडाडली. मग फोनकडे वळून म्हणाली, "मी निरोप दिला न्हाई. मी रडत न्हाई आन् अप्पा जेवायला बसलेत. तुमाला जे दिसलं तेच साहेबाला सांगा."

"मला परत कुणी जहाजावर घेणार न्हाई, प्रणिता."

"ते कळतंय मला. बोट खाली येती का, तेवढं सांगा."

"न्हाई येत."

"मग झालं."

सिद्धाराम म्हणाला तसंच झालं. त्याला आता कुणी जहाजावर घेत नाही, तो दुकानात पुड्या बांधतो. बायकोनं नवऱ्याला घरी बसवलं, हे त्रिंबकनं गावभर केलं आणि गावानं ते मानलं. त्या खोटारड्याला आजही लोक बोलावून चहा पाजतात, आपली पोरं त्याच्या हवाली करतात. दुसऱ्या दिवशी बंदरात काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते मी सांगते.

अधिकाऱ्यानं कप्तानाचं काही ऐकलं नाही. बोट रिकामी खाली सोडायला लावली. ती थोडी खाली आली आणि एका बाजूचा हुक तुटला. बोट एका टोकाला लोंबकळली, मग दुसरा हुकही तुटला आणि ती तेवढ्या उंचीवरून पाण्यावर आपटून फुटली. सिद्धारामनं फोटो पाठवला. रुद्रप्पांनी चष्मा लावून तो कितीतरी वेळ पाहिला.

"ह्या बोटीत कोण बसतं गं?" त्यांनी विचारलं.

"जहाजावरची सगळी माणसं, अप्पा."