नागपंचमीच्या आधीचा ताप

हल्लीची पोरं नऊला उठतात आणि वर तोंड करून म्हणतात, झोप झाली नाही. मी बोलायला तोंड उघडलं की नातू म्हणतो, "आजोबा सुरू झाले." होतो सुरू! पण खोटं कशाला बोलू, आयुष्यात एकदा मीही उन्हं अंगणात येईपर्यंत लोळलोय. सत्तावन्न साली, फ्लूच्या साथीत. त्या झोपेचं सुख अजून आठवतं आणि लाजही वाटते.

मी तेव्हा अठराचा. चिंचवड म्हणजे गावठाण, नदी आणि भोवती बाजरीची रानं. दिवेलागणीला जेवून आम्ही पोरं आडवी व्हायचो, कारण पहाटे चारला वस्ताद दारावर काठी आपटायचे. "उठला का न्हाई वाघ?" असं आईला विचारायचे. वाघ डोळे चोळत तालमीत जायचा. आधी हौदातली लाल माती खोऱ्यानं उकरायची, मग जोर, मग बैठका आणि शेवटी जोडीदाराशी लढत. माझा जोडीदार माझ्याहून वर्षानं मोठा. रोज तासभर मला मातीत लोळवायचा आणि वर विचारायचा, "लागलं का रं?"

त्या साली नागपंचमीच्या आखाड्यात त्याची कुस्ती चाकणच्या पैलवानाशी ठरली होती. आदल्या वर्षी त्यानंच याला साऱ्या गावासमोर चीत केलं होतं. यंदा याच्या वडलांनी सांगून टाकलं होतं, "पडलास तर लंगोट खुंटीला आन् औत हातात." बस्स. त्याची सगळी पैलवानकी त्या एका कुस्तीवर टांगलेली होती, आणि तो जिंकणार याबद्दल मला तिळभर शंका नव्हती.

आषाढात फ्लू आला. पुण्याहून गाडीनं आला म्हणे. घरटी एकजण तरी अंथरुणात. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. तिथं कामाला जाणारा आमचा शेजारीच गोधडीत कुडकुडत पडला, तेव्हा गावाचा धीर सुटला.

एका पहाटे माझ्याही अंगात कसकस आली. पैलवानाला ताप? छे! आमच्यात पक्का समज होता की ताप घामानं जातो आणि उरलासुरला तालमीची माती ओढून घेते. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू असं काय काय मुरलेलं असायचं. मुरगळलं, खरचटलं, सुजलं, की तीच चोळायची. मग तापाची काय बिशाद! मी कुणाला काही बोललो नाही. जोर मारले, अंगभर माती फासली आणि जोडीदाराच्या मानेत हात घालून उभा राहिलो. चांगला तासभर झोंबलो. शेवटी डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी हौदातच बसलो. वस्तादांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हातानं सणसणीत कानाखाली वाजवली. "ताप घिऊन मातीत आलास व्हय रं?" त्याच दिवशी तालमीला कुलूप लागलं.

तिसऱ्या दिवशी जोडीदार तापानं पडला. मला कळलं तेव्हा पहिला आठवला तो त्याच्या मानेत घातलेला माझा हात.

मी चार दिवसांत बरा झालो, पण तालीम बंदच. वस्ताद पहाटे चारला यायचे ते येतच राहिले, फक्त काठी आपटत नव्हते. हळूच विचारायचे, "झोपलाय का?" आई म्हणायची, "व्हय." ते म्हणायचे, "झोपू द्या. आजारी अंगाला झोपच खुराक." मी गोधडीतून सगळं ऐकायचो आणि कूस बदलायचो. काय सांगू ती झोप!

जोडीदाराच्या दारातही ते असंच बोलून जायचे. ते गेले की हा पठ्ठ्या उठून गोठ्यात, म्हशीच्या आड बैठका मारायचा. पाय लटलटायचे, पोटात अन्न टिकत नव्हतं. त्याच्या आईनं मला बोलावून घेतलं. मी म्हणालो, "झोप की लेका थोडा." तो म्हणाला, "चाकणचा झोपला आसंल का?" मी तर रोज झोपत होतो.

नागपंचमीपर्यंत साथ ओसरली, आखाडा भरला. सुरुवातीला त्यानं चाकणच्याला एकदा खाली घेतलंसुद्धा. आम्ही ओरडून घसे बसवले. मग त्याचा दम सुटला. तोंड उघडं पडलं, हात सैल झाले आणि पाठ लागली. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो औतामागं गेला.

पुढं रानं गेली, कारखाने आले. आम्ही दोघं भोसरीला एकाच कंपनीत लागलो. पहिल्या पाळीसाठी परत पहाटे चारलाच उठणं आलं. कितीतरी वर्षं मी मनात ठेवलं. एकदा पाळी सुटल्यावर, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलो असताना सांगून टाकलं, "राव, तुझा तो नागपंचमीआधीचा ताप माझा व्हता. मातीत उतरायच्या आधीच मला कळला व्हता, मी लपवला."

"मला ठावं हाय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तुझी मान धरली तवाच कळलं. तव्यावानी तापली व्हती."

"मग सोडलं का न्हाईस मला?"

"नागपंचमी तोंडावर व्हती. तुला सोडून लढायचं कुणाशी? तुझ्यावानी जोड गावात दुसरी व्हती का?"

एवढं बोलून त्यानं मान मागं टेकली आणि डोळे मिटले. मी रुमालानं तोंड पुसत बसलो. आमचा स्टॉप आला तेव्हा ड्रायव्हर आरशातून बघत ओरडला, "उठवा की त्यांना!"

"झोपू दे," मी म्हणालो. "पुढच्या स्टॉपवरनं येऊ चालत."